ऱ्होनच्या माहेरी, पायी आणि सायकलवर

भूमध्य समुद्राला मिळणारी ऱ्होन नदी सुमारे ८१२ किलोमीटर लांब आहे. ल्यों, आव्हिन्यों ही फ्रान्समधली मोठी शहरं तिच्या काठावर वसली आहेत आणि जिनिव्हाचं विशाल सरोवर तिच्याच वाटेत आहे. पण स्वित्झर्लंडच्या वाले प्रांतात, जिथे ती उगम पावते, तिथले लोक तिला ऱ्होन म्हणत नाहीत. त्यांच्या जर्मन बोलीत ती रॉटन. या रॉटनच्या अगदी वरच्या खोऱ्याला गोम्स म्हणतात. ओबरवाल्ड गावापासून सुरू होणारं हे खोरं नैऋत्येकडे उतरत जातं. त्याच्या डोक्यावर तीन मोठ्या खिंडी आहेत: २४२९ मीटर उंचीची फुर्का, तिच्याहून थोडी खाली असलेली ग्रिम्सेल आणि दक्षिणेला इटालियन भाषिक तिचिनो प्रांतात उतरणारी नुफेनेन.

आल्प्सचं नाव काढलं की आपल्याकडे युंगफ्राऊयोख, टिटलिस आणि ल्युसर्न आठवतात. महाराष्ट्रातून निघणाऱ्या बहुतेक सहली तिथूनच पुढे पॅरिसला किंवा रोमला वळतात. गोम्स त्यांच्या वाटेत येत नाही. मॅटरहॉर्नसारखं जगाला पाठ असलेलं शिखर इथे गावावर उभं नाही आणि तासन्‌तास रांग लावावी असा रोप-वेही नाही. लाकडी घरांची लहान लहान गावं, प्रत्येक गावात एक पांढरं चर्च, दोन्ही अंगांना जंगल आणि गवताळ उतार, मधून नदी, तिच्या शेजारून लाल रंगाची छोटी रेल्वे. चालायला आणि सायकल चालवायला इतकी सोयीची जागा आल्प्समध्ये थोडीच असेल. ही सोय आणि ही शांतता डोंगराने फुकट दिली असं पाहुण्याला वाटतं. प्रत्यक्षात तिच्यामागे शतकांची मेहनत आहे, आणि ती मेहनत ओळखता आली की इथली साधी पायवाटही वेगळी दिसू लागते.

आधी जमिनीचा आकार पाहू. नुसत्या नदीने डोंगर कापला असता तर इथे अरुंद, खोल घळ झाली असती. पण हिमयुगात हे सगळं खोरं जाड बर्फाखाली होतं. सरकणाऱ्या हिमनदीने दोन्ही बाजूंचे उतार तासून तळ रुंद केला. बर्फ मागे हटला तेव्हा उरलेल्या खोलगटात रॉटनने आणि बाजूच्या ओढ्यांनी हजारो वर्षं गाळ, वाळू आणि गोटे आणून भरले. त्यामुळे वरच्या गोम्सचा तळ आश्चर्य वाटावं इतका सपाट आहे. ओबरवाल्ड समुद्रसपाटीपासून साधारण १३७० मीटरवर आहे, तर सुमारे वीस किलोमीटर खालचं नीडरवाल्ड १२५० मीटरवर. म्हणजे एका किलोमीटरला जेमतेम सहा मीटरचा उतार. आल्प्सच्या पोटात, दीड हजार मीटर उंच कड्यांच्या मधोमध, लहान मूलही सायकल चालवू शकेल अशी ही जमीन. नीडरवाल्डनंतर मात्र खोरं पायरीसारखं खाली कोसळतं: फिश गाव १०५० मीटरच्या आसपास आणि ब्रीग शहर ६८० मीटरच्या.

तळ चाकांसाठी आणि दोन्ही कडेचे उतार पायांसाठी, अशी ही विभागणी जमिनीनेच करून ठेवली आहे. माणसाने त्यावर काय केलं ते त्याहून महत्त्वाचं.

इथे उतरल्यावर नजरेत भरतात त्या पिवळ्या पाट्या. स्वित्झर्लंडमध्ये सुमारे ६५,००० किलोमीटर लांबीच्या चालण्याच्या वाटा आहेत आणि सगळीकडे पाट्यांची पद्धत एकच आहे. १९३०च्या दशकात मोटारी वाढल्या. ज्या घाटरस्त्यांवरून लोक पूर्वी निवांत चालत, तिथे धूळ आणि भोंगे आले. तेव्हा झ्युरिकजवळच्या मायलेन गावातले शिक्षक योहान याकोब एस यांनी चालणाऱ्यांसाठी वेगळ्या, खुणा केलेल्या वाटांची कल्पना पुढे रेटली, आणि १९३४ साली त्यासाठी देशपातळीवर संघटना उभी राहिली. पाट्या पिवळ्या असाव्यात, सगळीकडे सारख्या असाव्यात, हा आग्रह तेव्हापासूनचा.

पुढची गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. १९७९ साली स्विस मतदारांनी पायवाटांविषयीचं कलम थेट राज्यघटनेत घातलं. त्यावर आधारलेला कायदा १९८७ पासून लागू झाला. या कायद्याप्रमाणे प्रांतांना वाटांचे नकाशे करावे लागतात, वाटा सांभाळाव्या लागतात, आणि रस्ता, धरण किंवा इमारत यांच्यामुळे एखादी नोंदलेली वाट तुटली तर तिच्या बदली दुसरी द्यावी लागते. वाटेच्या लांब टप्प्यावर डांबर घातलं तरी वाट गमावली असंच धरलं जातं, कारण डांबरावर चालणं हे चालणाऱ्यासाठी चालणं राहत नाही, हे कायद्याने मान्य केलं आहे. २०१८ साली असंच मतदान सायकलवाटांसाठी झालं. जवळजवळ तीन-चतुर्थांश मतदारांनी होकार दिला आणि त्यावरचा कायदा १ जानेवारी २०२३ पासून अमलात आला. पायी जाणाऱ्याचा आणि सायकलवाल्याचा हक्क एखाद्या देशाच्या घटनेत लिहिला जावा, ही गोष्ट शाळेच्या नागरिकशास्त्रात शिकवावी इतकी मोठी आहे.

पाटी कशी वाचायची तेही सांगायला हवं. तिच्यावर अंतर नसतं, वेळ असते. सपाट जमिनीवर ताशी ४.२ किलोमीटर हा वेग धरून, चढ-उताराचा हिशेब त्यात मिळवून ही वेळ काढतात. थांबणं, खाणं, फोटो काढणं त्यात धरलेलं नसतं. मुंबई-पुण्याहून थेट आलेल्या, डोंगराची सवय नसलेल्या माणसाने तीन तासांच्या वाटेला चार तास धरावेत. नुसती पिवळी पाटी म्हणजे साध्या बुटांनी जमेल अशी वाट. पाटीच्या टोकाला पांढरा-लाल-पांढरा पट्टा असेल तर ती डोंगरवाट: अरुंद, चढाची, काही ठिकाणी दरीच्या कडेने जाणारी, तिथे पक्क्या तळव्याचे बूट हवेत आणि डोळे न फिरण्याची खात्री हवी. पांढरा-निळा-पांढरा पट्टा दिसला की हिमनदी, दगडांचे ढीग, हात लावून चढण्याचे टप्पे येणार असं समजावं आणि अनुभव नसेल तर मागे फिरावं. हेच रंग मधे मधे दगडांवर आणि झाडांवर रंगवलेले असतात, त्यामुळे धुक्यातही वाट सापडते. सायकलींच्या पाट्या लाल. त्यांच्यावर एक आकडी क्रमांक असेल तर तो राष्ट्रीय मार्ग, दोन आकडी प्रादेशिक, तीन आकडी स्थानिक. १९९८ साली असे नऊ राष्ट्रीय सायकलमार्ग सुरू झाले आणि त्यातला पहिल्या क्रमांकाचा मार्ग ऱ्होनचाच आहे.

गोम्समधली सर्वांत प्रसिद्ध पायवाट म्हणजे गोमर ह्योएनवेग, म्हणजे गोम्सची उंचावरची वाट. ओबरवाल्डहून निघून ती उन्हाच्या बाजूच्या उतारावरून, गावांच्या वरून, बेलवाल्डपर्यंत जाते. ती एका दिवसात संपवायचा हट्ट धरू नये. तिची खरी सोय अशी की प्रत्येक गावाच्या वर एक फाटा खाली उतरतो. पाय दुखले, ढग दाटले, मूल कंटाळलं, की अर्ध्या-पाऊण तासात माणूस स्टेशनवर. या भरवशामुळेच कमी सराव असलेले लोकही इथे मोकळेपणाने चालतात.

या वाटेवर डोळे उघडे ठेवले तर खोऱ्याचा सगळा हिशेब दिसतो. बहुतेक गावं उत्तरेच्या, म्हणजे दक्षिणेकडे तोंड असलेल्या उताराच्या पायथ्याशी आहेत. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, तेव्हा दुसऱ्या बाजूला दिवसदिवस सावली असते. तिथे जंगल आहे, घरं थोडी. गावं नदीला चिकटूनही नाहीत. बाजूचे ओढे डोंगरातून बाहेर पडताना पंख्याच्या आकाराचा गाळाचा उंचवटा तयार करतात, त्यांच्या अंगावर किंवा कडेला गावं वसली आहेत. पुराचं पाणी तिथे पोहोचत नाही आणि तळाची चांगली जमीन गवतासाठी मोकळी राहते. घरंही सुटी सुटी पसरलेली नाहीत, एकमेकांना खेटून आहेत; वीतभर जमीनही वाया घालवणं परवडत नसे.

घरं लार्चच्या लाकडाची. उन्हाने ती आधी लालसर तपकिरी आणि मग जवळजवळ काळी होतात. हा रंग दिलेला नसतो. गावाच्या कडेला धान्याची कोठारं दिसतात, त्यांना इथे श्टाडेल म्हणतात. ती जमिनीवर टेकलेली नसतात. आखूड लाकडी पायांवर उभी असतात आणि प्रत्येक पायाच्या डोक्यावर एक गोल, सपाट दगडी चकती असते. उंदीर पाय चढून वर येतो, पण चकतीची बाहेर आलेली कड त्याला उलटं लोंबकळत ओलांडता येत नाही. एवढ्या उंचीवर राय नावाचं धान्य मोठ्या कष्टाने पिके, त्याची ही राखण.

लार्चविषयी थोडं अधिक. सूचिपर्णी झाडं सदाहरित असतात असं आपण शाळेत शिकतो; लार्च हा त्याला अपवाद. ऑक्टोबरमध्ये त्याच्या सुया पिवळ्याधमक होतात आणि गळून पडतात. पाणी गोठलेलं असताना सुयांतून ओलावा गमावण्यापेक्षा त्या टाकून देणं या झाडाने पत्करलं आहे. त्यामुळे ऑक्टोबरच्या मध्यावर गोम्सचे उतार सोन्यासारखे दिसतात, आणि गर्दी तर उन्हाळ्याहूनही कमी असते. मला विचाराल तर जाण्याचा सर्वांत चांगला काळ तोच.

पण जंगल नुसतं पाहण्यासाठी नाही. गोम्सच्या इतिहासातली सर्वांत भयंकर गोष्ट म्हणजे हिमकडे कोसळणं. १७२० साली ओबरगेस्टेलन गावावर हिमप्रपात कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. २४ फेब्रुवारी १९७० रोजी रेकिंगेनला पहाटे हिमप्रपात आला आणि ३० माणसं मृत्युमुखी पडली. त्यांत तिथल्या लष्करी छावणीतले लोक बरेच होते. तीव्र उतारावर साचलेला बर्फ घसरायला लागण्याआधीच धरून ठेवायचा, तर त्यात झाडांची दाट खोडं हवीत. म्हणून गावावरचं जंगल तोडायचं नाही, ही समज आल्प्समध्ये फार जुनी आहे. १८७६ साली देशाने डोंगरी जंगलांच्या रक्षणाचा कायदा केला, आणि आजही तिथे जंगल साफ करायचं तर बदल्यात तेवढं लावावं लागतं. जिथे जंगल पोहोचत नाही तिथे उतारावर पोलादी कुंपणांच्या रांगा दिसतील, आणि काही ठिकाणी गावाच्या वर मातीचे प्रचंड बांध. आज या बांधांवर गवत वाढलेलं असतं आणि गाई चरत असतात, त्यामुळे ते चटकन ओळखू येत नाहीत. उन्हाळ्यात फिरायला आलेल्या माणसाने ते मुद्दाम ओळखावेत. या खोऱ्यात हिवाळाभर माणसं निर्धास्त झोपू शकतात ती त्यांच्या आधाराने.

गवताचीही तीच कथा. वरचे हिरवे उतार आपोआप हिरवे राहत नाहीत. दरवर्षी कापणी झाली नाही, गुरं चरली नाहीत, तर थोड्याच वर्षांत तिथे झुडपं माजतात, मग झाडं येतात आणि रानफुलांनी भरलेलं कुरण नाहीसं होतं. म्हणून जून-जुलैत उंच वाढलेल्या गवतात शिरू नये. ते पीक आहे, गुरांचा हिवाळ्याचा चारा आहे. ज्या चिजामुळे वाले प्रांताचं रॅक्लेट जगभर गेलं, ते याच गवतातून येतं.

आता सायकल. ओबरवाल्डला उतरून नदीच्या कडेने खाली निघालं की पहिल्या राष्ट्रीय मार्गाच्या लाल पाट्या सोबत करतात. पूर्ण मार्ग आंडरमाटपासून फुर्का खिंड ओलांडून जिनिव्हापर्यंत जातो, सुमारे साडेतीनशे किलोमीटर. खिंडीचा घाट सरावलेल्या सायकलस्वारांसाठी आहे; बाकीच्यांनी ओबरवाल्डहून सुरुवात केली तर काही बिघडत नाही. मोटारींचा मुख्य रस्ता थोडा बाजूला राहतो. सायकलवाट शेतरस्त्यांवरून, लाकडी पुलांवरून, कधी नदीच्या अगदी काठाने जाते. उल्रिखेनजवळ जुन्या लष्करी विमानतळाची लांबलचक धावपट्टी लागते. २०२२ च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडभरच्या स्काउट मुलामुलींचं मोठं शिबिर याच परिसरात भरलं होतं, सुमारे तीस हजार जणांचं.

नदीकडे पाहत राहिलं तर एक गोष्ट लक्षात येईल. पाणी स्वच्छ निळं नाही, राखाडी-दुधट आहे. हिमनदी खडकावर घासली जाते तेव्हा त्याचं अतिशय बारीक पीठ होतं, ते पाण्यात तरंगत राहतं. सकाळी पाणी कमी असतं आणि दुपारनंतर वाढतं, कारण दिवसभराच्या उन्हाने वितळलेला बर्फ काही तासांनी इथवर पोहोचतो. उन्हाळ्यातल्या कोरड्या, निरभ्र आठवड्यातही नदी भरून वाहते ती त्यामुळेच.

खाली ब्रीगच्या पुढे जिनिव्हाच्या दिशेने जायचं असेल तर वाऱ्याचा विचार करावा लागतो. उन्हाने डोंगराचे उतार तापतात, त्यांना लागून असलेली हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला खालून हवा खोऱ्यात ओढली जाते. त्यामुळे उन्हाळी दुपारी मोठ्या खोऱ्यात वारा खालून वर वाहतो. मार्टिन्यी शहराच्या आसपास तर फार जोराने. उतारावरून जात असूनही पायडल मारत बसावं लागतं. उपाय एकच: सकाळी लवकर निघणं.

सायकलवाटेवरची गावं झरझर मागे पडतात, पण काही ठिकाणी उतरावंच. ओबरगेस्टेलन बाकीच्या गावांसारखं दिसत नाही. १८६८ च्या आगीत ते जळून गेलं आणि नंतर दगडात, सरळ रेषेत बांधलं गेलं. म्युन्स्टरच्या चर्चमध्ये ल्युसर्नच्या योर्ग केलर या कारागिराने १५०९ साली केलेली लाकडी कोरीव वेदी आहे, उत्तर गॉथिक शैलीतली. त्या शैलीचं इतकं चांगलं काम एका शेतकरी गावात पाहायला मिळतं, याचं नवल वाटतं. रेकिंगेनने ऑर्गन बनवणारी आणि घंटा ओतणारी घराणी दिली. नीडरवाल्ड हे सेझार रिट्झचं गाव. १८५० साली एका शेतकरी कुटुंबात तेरावं मूल म्हणून तो जन्मला, आणि पुढे पॅरिस-लंडनच्या हॉटेलांना त्याच्या नावाची अशी झळाळी आली की रिट्झ हा शब्दच ऐषारामाचा झाला. त्याची कबर गावातच आहे.

नीडरवाल्डच्या खाली खोरं खोल होत जातं. तिथे २०१५ साली एक झुलता पूल बांधला गेला, २८० मीटर लांब आणि दरीच्या तळापासून ९२ मीटर उंच. एका अंगाला फ्युरगांगेन, दुसऱ्या अंगाला म्यूलेबाख. पूर्वी या दोन गावांमधली दरी उतरून पुन्हा चढावी लागे. पुलावरून गेलं की म्यूलेबाख, पंधराव्या शतकातल्या लाकडी घरांचं गाव. स्विस इतिहासातला बलाढ्य धर्मगुरू कार्डिनल माथेउस शिनर इथला. आणि तिथून जवळच एर्नेन.

एर्नेनला मात्र निवांत वेळ द्यावा. एके काळी ते सगळ्या गोम्सचं न्यायदानाचं आणि कारभाराचं गाव होतं. गावाबाहेरच्या टेकडीवर फाशीचे तीन दगडी खांब अजून उभे आहेत. चौकातल्या एका घराच्या भिंतीवर १५७८ सालची विल्यम टेलची चित्रं आहेत, टेलच्या गोष्टीवरची ज्ञात असलेली सर्वांत जुनी भित्तिचित्रं. गावाने आपला चौक आणि घरं इतकी नीट राखली की १९७९ साली त्याला वाकर पारितोषिक मिळालं, वारसा जपणाऱ्या गावांना स्वित्झर्लंडमध्ये दिलं जाणारं. त्याआधी, १९७४ साली हंगेरियन पियानोवादक ग्यॉर्ग शेबोक इथे शिकवायला येऊ लागला, आणि त्यातून उन्हाळ्यात इथे भरणारा अभिजात संगीताचा महोत्सव उभा राहिला. दिवसा डोंगरात चालायचं आणि संध्याकाळी चर्चमध्ये बाख ऐकायचा, असं एर्नेनला जमतं.

हे सगळं ज्या एका धाग्याने जोडलेलं आहे ती म्हणजे रेल्वे. ब्रीगहून वर येणारी मीटरगेज लाइन पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला ओबरवाल्डच्या वरच्या ग्लेचपर्यंत पोहोचली आणि १९२६ साली फुर्का पार करून पलीकडे गेली. त्या उंचीवर हिवाळ्यात गाडी चालवणं अशक्यच होतं. पलीकडच्या उतारावरचा श्टेफेनबाखचा पूल तर दर शरद ऋतूत घडी घालून बाजूला ठेवावा लागे, नाहीतर हिमप्रपात तो घेऊन जात. १९८२ साली ओबरवाल्ड ते रेआल्प असा १५.४ किलोमीटरचा बोगदा झाला, गाड्या बारा महिने धावू लागल्या आणि वरची घाटलाइन बंद पडली.

तिथून पुढची हकिकत मला फार आवडते. ती लाइन मोडीत निघू नये म्हणून स्वयंसेवक पुढे आले. त्यांना इंजिनं हवी होती, तीही मूळची. पण फुर्काची वाफेची इंजिनं विजेचे खांब आल्यावर १९४७ साली व्हिएतनामला विकली गेली होती, दा लातच्या घाटासाठी. तिकडच्या युद्धकाळात ती लाइन बंद पडली आणि इंजिनं गंजत राहिली. १९९० साली या लोकांनी ती जंगलातून ओढत बंदरापर्यंत नेली आणि जहाजाने परत आणली. १९९२ साली पहिला टप्पा सुरू झाला, २००० साली गाडी ग्लेचला आली आणि २०१० साली ओबरवाल्डला. श्टेफेनबाखच्या पुलाची ती वार्षिक घडी आज हेच स्वयंसेवक घालतात. ही इंजिनं विंटरथूरच्या कारखान्यात तयार झाली होती. त्याच कारखान्याचं आणि आपलंही जुनं नातं आहे: निलगिरीच्या दातेरी रुळांवरची अनेक वाफेची इंजिनं तिथलीच, आणि मुंबई-पुणे घाटात अनेक दशकं मालगाड्या ओढणाऱ्या, ‘खेकडा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विजेच्या इंजिनांतली पहिली काही इंजिनंसुद्धा तिथूनच आली होती.

वाफेच्या गाडीने किंवा घाटाच्या पिवळ्या बसने ग्लेचला गेलं की १७५७ मीटरवर आपण नदीच्या जन्मस्थानी असतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हिमनदीचं टोक इथवर, आजच्या हॉटेलाच्या जवळपर्यंत आलेलं होतं. आज समोर उघडा, घासून गुळगुळीत झालेला खडक आहे आणि हिमनदी वर, कड्याच्या मागे गेली आहे. हिमनद्यांचा पद्धतशीर अभ्यास जिथे सुरू झाला त्या ठिकाणांत ऱ्होन हिमनदीचं नाव मोठं आहे. १८७४ साली संशोधकांनी तिच्या अंगावर आडव्या ओळींत रंगवलेले दगड मांडले आणि वर्षानुवर्षं ते कुठे सरकतात ते मोजलं. सरळ ओळी हळूहळू खालच्या दिशेला फुगल्या. मधला बर्फ कडेच्या बर्फापेक्षा वेगाने वाहतो हे त्यावरून डोळ्यांनी दिसलं. आता तिथली चिंता वेगळी आहे. पर्यटकांसाठी बर्फात कोरलेल्या गुहेभोवती उन्हाळ्यात पांढरी जाड कापडं अंथरावी लागतात, म्हणजे तेवढा तरी बर्फ टिकेल. टोकाशी पाण्याचं एक नवं तळं झालं आहे आणि ते वाढतं आहे. तापमान असंच चढत राहिलं तर या शतकाच्या अखेरीपर्यंत हिमनदीचा फार थोडा भाग उरेल. मग ऑगस्टच्या कोरड्या आठवड्यांत या नदीला पाणी कोण पुरवणार, हा प्रश्न गोम्सपुरता नाही. खाली द्राक्षमळे आहेत, वीजकेंद्रं आहेत, फ्रान्सची शहरं आहेत. म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी तिथे जाऊन ती हिमनदी पाहावी, मुलांना दाखवावी, असं मी मनापासून सांगेन.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. खालच्या वाटा साधारण मेपासून मोकळ्या होतात, पण खिंडी आणि उंच वाटा जूनच्या मध्यापर्यंत, कधी त्यानंतरही, बर्फात असतात. ऑक्टोबरअखेर सगळं पुन्हा बंद होऊ लागतं आणि हिवाळ्यात हाच सपाट तळ लांब पल्ल्याच्या स्कीइंगचा होतो. वाटेत कुरणाचं फाटक लागलं तर ओलांडल्यावर लावून घ्यावं. वासरं सोबत असलेल्या गाईंपासून लांबून जावं. त्या शांत दिसतात, पण वासराच्या जवळ गेलं की अंगावर येतात. मेंढ्यांची राखण करणारे पांढरे कुत्रे भुंकत आले तर पळू नये, थांबावं, सायकलवरून उतरावं, आणि कुत्रे शांत झाले की कळपाला वळसा घालून जावं. अरुंद वाटेवर पायी जाणाऱ्याचा मान पहिला, सायकलवाल्याने वेग कमी करून आवाज द्यावा. अपघात झाला तर वाले प्रांतात १४४ हा क्रमांक लावायचा. जेवायला गोम्सची कोलेरा मागावी: बटाटे, कांदा, लीक, सफरचंद आणि चीज भरलेली, भट्टीत भाजलेली पोळी. साथीच्या दिवसांत घराबाहेर पडता येईना तेव्हा घरात जे होतं त्यातून ती झाली, अशी आख्यायिका आहे. शाकाहारी माणसाचं त्यावर उत्तम भागतं.

स्वित्झर्लंडला गेलेले अनेक मराठी प्रवासी ग्लेशियर एक्सप्रेसच्या मोठ्या काचांमागे बसून याच खोऱ्यातून जातात. त्याच रुळांवरून तासातासाला साधी लोकल धावते, तिच्यात सायकलही चढवता येते. सायकलीचं तिकीट मात्र वेगळं काढावं लागतं. लहान गावांत ही लोकल आपोआप थांबत नाही. डब्यात बसलेल्याने आधी बटण दाबायचं, आणि फलाटावर उभं असलेल्याने तिथलं.